बुंदीच्या परातीत घातलेला हात

तुमच्या ताटात पहिला घास कधी पडावा, हे कोण ठरवतं? तुमचा आजार, की तुमची जात?

मला याचं उत्तर पिंपळवंडीत, एका लग्नाच्या मांडवात मिळालं. मी आठवीत होते.

"तुमच्यात साखर खायला मिळती का गं, शुगर व्हायला?"

हे तात्या म्हणाले. सगळ्या वाढप्यांसमोर. पंगती बसवायचं काम त्यांच्याकडे होतं. वाढपी हसले. माझी आईही हसली. तिला हसावंच लागलं. लग्न तात्यांच्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या मुलीचं होतं, आणि आई अण्णांच्या टोमॅटोच्या रानात मजुरीला जायची.

आईनं मागितलं होतं ते इतकंच. पोरीला सुई घ्यावी लागते. सुई घेतली की जेवायला थांबून चालत नाही. आमची, बौद्धवाड्याची, पंगत सगळ्यांत शेवटी बसते. तेव्हा हिला मागं गोठ्यापाशी थोडं आधी वाढून द्या. पहिल्या पंगतीत बसवा, असं ती म्हणालीच नव्हती. तेवढी हिंमत तिच्यात नव्हती.

त्याच्या आदल्या वर्षी मी वाळत गेले होते. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचे, तरी घसा कोरडा. शाळेत सारखी बाहेर पळायचे आणि पोरं दात काढायची. वाड्यात कुणी म्हणालं, करणी झाली. गावातल्या डॉक्टरनं अशक्तपणा आहे म्हणून सलाईन लावलं. ग्लुकोजचं. मी बेशुद्ध पडले तेव्हा कुठं मला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं रक्त तपासलं, लघवी तपासली आणि आजाराला नाव मिळालं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून समजावलं. खाल्लेल्या अन्नाची रक्तात साखर होते. ती अंगाला लागायला इन्सुलिन लागतं. तुझ्या अंगात ते बनतच नाही, म्हणून ते बाहेरून टोचायचं. जन्मभर. मोठ्या माणसांची शुगर बहुतेक वेळा वेगळी असते. त्यांच्या अंगात इन्सुलिन बनतं, पण पुरं पडत नाही. त्यांना गोळ्या चालतात, तुला नाही चालणार. आणि सुई घेऊन उपाशी राहिलीस, तर तीच सुई जीव घेईल.

आमच्याकडे फ्रीज नव्हता. बाटली ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात राहायची. सुई मी स्वतः भरायचे, स्वतः टोचायचे. मला सगळं समजलं होतं. गावाला काहीच समजलं नव्हतं.

गावात शुगर म्हणजे अण्णा. अण्णांचा बिनसाखरेचा चहा, अण्णांची गोळी, अण्णांना वेळेवर जेवू घाला, हे शेंबड्या पोरालाही पाठ. त्यांची शुगर हे मोठेपणाचं लक्षण होतं. माझी शुगर म्हणजे थेर.

हसून झाल्यावर तात्या आईला म्हणाले, टोचायला सांग तिला, ही पंगत बसली की ताट धाडतो. मी गोठ्याच्या आडोशाला गेले आणि मांडीत सुई घेतली.

पंगत बसली. अण्णा पहिल्या ओळीत, कारण अण्णांना शुगर. ताट आलं नाही. पंगत उठली. वऱ्हाड बसलं. ताट आलं नाही. आई तात्यांकडे गेली आणि परत आली. पुन्हा गेली. तेव्हा तात्या जे बोलले ते मी गोठ्यापासून ऐकलं.

"पंगतीचा मान असतो, बाई. तुमच्यासाठी मोडायचा का आमी?"

आईनं येऊन मला पाणी दिलं. माझ्याकडे बघितलं नाही. अशा वेळी खायला गूळ जवळ ठेवा, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. पण लग्नघरी गोडाला काय तोटा, असं वाटून आईनं तो घरी ठेवला होता.

सावलीत बसून मला घाम फुटला. ओठ बधिर झाले. बोटं थरथरायला लागली. बँड वाजत होता, तो दूर ओढ्यापलीकडून यावा तसा ऐकू येत होता. एक वाढपी म्हणाला, हिच्या अंगात आलंय. दुसरा म्हणाला, प्यायलीय.

आई पळत अण्णांकडे गेली. ते जेवून खाटेवर टेकले होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली.

"शुगर वाढली आसंल. ही माझी गोळी दे तिला. लई भारी हाय."

चार लोकांनी अण्णांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. आईनं ती गोळी ओंजळीत आणली, प्रसाद आणावा तशी, आणि माझ्या तोंडात घातली.

मी ती थुंकून टाकली.

माझी शुगर वाढली नव्हती, संपत चालली होती. त्या गोळीनं ती आणखी उतरली असती. हे त्या मांडवात फक्त मला माहीत होतं आणि सांगायला जीभ वळत नव्हती.

मग मी उठले. कशी, ते आठवत नाही. आचाऱ्याच्या चुलीपाशी बुंदीची परात होती. मी तिच्यात मनगटापर्यंत हात घातला आणि खाल्लं. दोन्ही हातांनी खाल्लं. कुणीतरी ओरडलं, बाटवली. तात्यांनी वेणी धरून मला मागं ओढलं, पाठीत लाथ घातली. मी गिळत राहिले. त्या लाथेसकट गिळलं.

परात गुरांच्या गव्हाणीत ओतली. गुरांना चालली. आमची पंगत उन्हं कलल्यावर बसली. तिला बुंदी उरली नव्हती आणि आमच्याच बायकांनी मला शिव्या दिल्या. ते लाथेपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांकडून निरोप आला. पोरीला घेऊन या, ओसरीवर सगळ्यांच्या पाया पडायला लावा. आई माझे केस विंचरायला बसली. मी तिचा हात धरला.

"आई, मी न्हाई येणार. मी चोरी न्हाई केली. मी जेवले."

तिनं मारायला हात उचलला. तो तसाच राहिला. मग तिनं फणी खाली ठेवली. ती गेली नाही. अण्णांच्या रानातलं काम सुटलं. आई नारायणगावच्या बाजूला द्राक्षांच्या बागांत जायला लागली. लांब पडायचं. पण अण्णांच्या ओसरीची पायरी ती पुन्हा चढली नाही.

माझे वडील मुंबईत कामाला होते, गावी येताना पिशवीत चळवळीची पत्रकं आणायचे. ती वाचत मी वाढले. आता मी स्वतः लिहिते, आणि जुन्नर-आंबेगावातल्या गावांत वाटते. रोज सुई घेते. अण्णांना गोळ्या पुरेनाशा झाल्या, आता त्यांनाही सुई आहे. त्यांचं ताट अजून वेळेवर येतं. लग्नांत बुफे आलाय, पण आमच्या वाड्याला निरोप अजून उशिराचाच असतो.

मी थांबणार नाही. कुणाच्या मानासाठी नाही, कुणाच्या मांडवात नाही.

तुम्हीही दोन गोष्टी करा. शुगरचं माणूस घामानं भिजून थरथरताना दिसलं आणि त्याला गिळता येत असेल, तर त्याला आपल्या खिशातली गोळी देऊ नका, साखर द्या. आणि पहिल्या पंगतीला बसलात की मान वर करून गोठ्याकडे बघा. तिथं कुणी ताटकळत उभं असेल, तर घास तोंडात घालू नका. ताटावरून उठा. त्यांना बसवा.

पंगत मोडेल. मोडू द्या.