अर्ध्यावर अडकलेला काटा

काटा अर्ध्यावर होता आणि गाडी कळंबच्या रस्त्यावर बंद पडली. आम्ही नवरा-बायको सुकी मासळी घेऊन परतत होतो. मी प्लग काढले, पुसले, पुन्हा बसवले. गाडी ढिम्म.

"पेट्रोल संपलं असेल," बायको म्हणाली.

मी तिला काटा दाखवला.

"काटा मला कशाला दाखवता? टाकीत बघा."

शेवटी रिक्षाने जाऊन पाच लिटर आणलं. तिसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली.

एरवी मी हे विसरलो असतो. पण फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीत तेव्हा गाडी आमच्याकडेच होती, आणि तळमजल्यावरच्या मुलीला नववा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून तिचं नाव वसई गावातल्या प्रसूतिगृहात घातलेलं. ती शिक्षिका होती. पेपर तपासून झाले की जाते, असं म्हणत माहेरी जाणं लांबवत होती. वेळ आली की मी नेईन, असा शब्द मी तिच्या नवऱ्याला दिला होता. अंतर सतरा किलोमीटर. मी ते मोजून ठेवलं होतं. तिला घेऊन निघालो आणि गाडी अशीच थांबली तर, या विचाराने मला नीट झोप लागेना.

गोखिवऱ्याच्या एका मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, मीटर बदलू. मला आधी कारण हवं होतं. त्याने सांगितलं म्हणून मागची सीट उचलून टाकीवरची वायर सोडवली आणि तिचं टोक गाडीच्या पत्र्याला टेकवलं. काटा सरळ 'फुल'वर गेला. म्हणजे मीटर ठीक, वायरही ठीक. दोष टाकीत तरंगून पेट्रोलची पातळी सांगणाऱ्या फ्लोटमध्ये.

"मग टाकी उघडावी लागेल. रविवारी येतो. पेट्रोल कमीच ठेवा, नाहीतर अंगावर येईल," तो म्हणाला.

मला ते पटलं नाही, पण मी ऐकलं. प्रत्येक फेरीचे किलोमीटर मोजून टाकीत तीन लिटर उरेल असा बेत केला.

रविवारी सकाळी मिस्त्रीने नळी घालून पेट्रोल कॅनमध्ये काढलं. तीन निघायला हवं होतं, निघालं दोन. मग त्याने फ्लोट बाहेर काढला. दांडीच्या टोकाशी तारेची पट्टी असते, तिच्यावरून एक टोक घासत वर-खाली जातं. पट्टीच्या बरोबर मध्यावर नखाने जाणवेल इतकी खाच पडली होती. टोक तिथे येऊन अडकत होतं.

"साहेब, तुम्ही टाकी कधी रिकामी करत नाही काय?"

"अर्ध्याखाली कधीच जाऊ देत नाही. अर्ध्यावर आलं की थोडं भरतो."

"किती वर्षं?"

"सहा."

"मग हे तुम्हीच कोरलंय. इथल्या इथे घासतंय सहा वर्षं." तो हसला. "लोक टाकी सुकवून येतात माझ्याकडे. तुमच्यासारखं गिऱ्हाईक पहिलंच."

अडचणीला गाडी तयार हवी म्हणून मी तो नियम केला होता.

नवा भाग मुंबईहून मागवावा लागणार होता. आम्ही त्याविषयी बोलत असतानाच तळमजल्यावरच्या मुलीचा नवरा धावत आला.

"काका, पाणी गेलं. चला, निघायचं."

मी मिस्त्रीकडे पाहिलं. त्याने लगेच फ्लोट आत घातला, जुनंच पॅकिंग लावून स्क्रू आवळले, कॅन टाकीत ओतला. सीट बसवताना माझ्या कानाशी म्हणाला, "काट्याकडे बघू नका. टोक परत खाचेतच बसलंय."

दोन लिटर. माझी गाडी गावातल्या रस्त्यावर लिटरला अकरा द्यायची. बावीस किलोमीटर. लागणार सतरा, आणि पंप वाटेत होता. मुलीला मागे बायकोशेजारी बसवलं, नवरा माझ्या बाजूला. काचा खाली केल्या.

रेल्वेचं फाटक बंद होतं. मी इंजिन बंद केलं.

"बंद का केलं काका?"

"वास येतोय म्हणून."

तो काट्याकडे वाकला, मग मागे वळून आपल्या बायकोला म्हणाला, "घाबरू नको गं. गाडी मस्त आहे, अर्धी टाकी आहे."

मी गप्प राहिलो. माझ्या बायकोने आरशातून माझ्याकडे पाहिलं. तीही बोलली नाही.

पंपावर दोरी लावलेली होती, दोरीला 'पेट्रोल नाही' अशी पाटी. मी वेग कमीसुद्धा केला नाही. तिथून पुढे दहा किलोमीटर. मागे मुलीचं कण्हणं आता थांबून थांबून येत नव्हतं. उतार आला की मी न्यूट्रलला टाकत होतो आणि कान इंजिनाकडे. नालासोपाऱ्याच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये किती गेलं, ते मला मोजता येईना. गास गाव सोडल्यावर इंजिनाने एकदा आचका दिला. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका केला. "काय झालं?" नवऱ्याने विचारलं. "खड्डा," मी म्हणालो. रस्ता तिथे सपाट होता.

प्रसूतिगृहाच्या फाटकात गाडी शिरली. मुलीला चाकांच्या खुर्चीवर बसवून आत नेलं, आणि मी स्टार्टर मारून पाहिला. गाडी सुरू झाली नाही.

नवरा बाहेर आला. "काका, तुमचा काटा बघून धीर होता," तो म्हणाला. तेव्हा मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं.

त्याचा चेहरा उतरला. "आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? मी रिक्षा केली असती. दुसरी गाडी बघितली असती. तिला काही झालं असतं तर?"

त्याचं चूक नव्हतं. निर्णय त्याचा होता, तो मी परस्पर घेतला. रिक्षात तिला धक्के बसले असते, हे मी म्हणू शकलो असतो, म्हणालो नाही. तो पाठ फिरवून आत गेला. आम्ही दोघं बाकावर बसलो. मधे बायको फक्त एकदा म्हणाली, "मीही बोलले नाही."

तीन तासांनी तो पुन्हा बाहेर आला, थेट माझ्यासमोर उभा राहिला.

"मुलगी. दोन किलो आठशे. दोघी बऱ्या आहेत."

मी उठलो. त्याचा आवाज अजून खरखरीत होता.

"घरी आणायला मी टॅक्सी सांगणार आहे, काका. तुमचा फ्लोट बदलेपर्यंत."

"बरोबर आहे," मी म्हणालो, आणि डिकीतून कॅन काढून पंप शोधायला निघालो.