डोक्यातला कापूस

१९८४ साली आमच्या पार्ल्याच्या घरात एसी होता. ह्यांच्या ऑफिसने काढून टाकलेला, जुना. त्याची जाळी साफ करायला दत्ताराम यायचा. आधी तो कापड गिरणीत होता. संप झाला, नोकरी गेली आणि त्याची बायको मालन मुलांना घेऊन गावी गेली.

त्याच्या कामात लुडबूड केलेली त्याला खपायची नाही. एकदा मी धुतलेली जाळी उन्हात ठेवली, तर खेकसलाच, "वहिनी, पापड आहे का हा? वाकडी झाली की फटीतून धूळ आत जाणार. सावलीत वाळवा. आणि ओली बसवू नका, कुबट वास मारेल."

त्या मे महिन्यात आम्ही घरातच गाद्या पिंजून घेतल्या, तेही एसी चालू ठेवून. दत्तारामने जाळी ओढली, तर तिच्यावर पांढराशुभ्र थर. आता हा ओरडणार, म्हणून मी तयारीतच होते. पण तो बोटांनी हळूहळू कापूस सोडवत राहिला. मग म्हणाला, "गिरणीतली पाळी संपवून घरी गेलो की मालन मला उंबऱ्यावर बसवायची. केसांतला कापूस वेचल्याशिवाय आत घ्यायची नाही."

जाळी धुतली, सावलीत वाळली, त्याने ती खाचेत नीट बसवली. निघताना त्याच्या केसांत कापूस दिसला.

"अहो दत्ताराम, डोकं झटका. कापूस अडकलाय."

चपला घालता घालता तो एकदम मालवणीत म्हणाला, "रवांदे, वयनी. काढणारी गावाक आसा."