अर्थ मलाच विचारला

“अर्थ सांगा, ताई.”

मॅडमनी माझ्या सोंगट्यांवर बोट ठेवलं होतं. क्वर्न. पाच इंग्रजी अक्षरं, त्यात क्यूसारखी महाग सोंगटी, आणि खाली तिप्पट गुणांचं लाल घर. एवढा मोठा शब्द मला पहिल्यांदाच लागला होता.

अर्थ मला माहीत नव्हता.

“नुसतं लावून चालत नाही,” मॅडम म्हणाल्या.

“पाठ करून आल्यात त्या,” गणिताचे सर म्हणाले. “यांच्या लोकांना सगळीकडे सवलत पाहिजे. इथं नाही मिळायची.”

हसत म्हणाले, म्हणून ते विनोदात जमा झालं. मॅडम हसल्या. तरुण लेक्चररही खाली बघून हसला. आणि मीही हसले. हे लिहिताना आजही कान गरम होतात. मी हसले, “सॉरी मॅडम” म्हणाले आणि पाचही सोंगट्या माझ्या हातानं उचलून घेतल्या. कुणी उचलायला लावल्या नव्हत्या.

जळगावच्या एका कॉलेजात मी ग्रंथालय सहायक आहे. रोज धरणगावहून एसटीनं येते. शनिवारी दुपारी स्टाफरूममध्ये हे तिघं इंग्रजी शब्दांचा हा खेळ मांडतात. धुळ्याला कॉलेजांच्या स्टाफची स्पर्धा होती, टीम चौघांची लागते. चौथं कुणी नव्हतं. मी विचारलं, मी बसू का? मॅडमनी आधी गाव विचारलं. मग, “धरणगावात कुठं?” मी वस्तीचं नाव सांगितलं. त्यांना हवं ते कळलं.

तरी मला जायचं होतं. फार जायचं होतं. कॉलेजच्या नावाची पट्टी छातीला लावून एकदा तरी टेबलाच्या पलीकडे बसायचं होतं, पुस्तकं आणून द्यायला नाही. ग्रंथालयात या खेळाच्या अवघड शब्दांचं एक पुस्तक होतं. त्यातले शब्द मी वहीत उतरवले आणि एसटीत घोकले. अर्थ सोडून दिले, कारण अर्थाला गुण नसतात. पाठांतराचा टोमणा मला मारावा, तोही त्यांनी. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अर्थ न कळता संस्कृत पाठ म्हटले गेले, त्यांनी.

त्या दिवशी खेळ संपल्यावर ग्रंथालयात जाऊन मी डिक्शनरी काढली. क्वर्न म्हणजे धान्य दळायचं जातं. आमच्या घरात कोपऱ्यात आहे. मजुरीत मिळालेली दादर ज्वारी आई त्यावर दळायची, तिच्या तळहाताला त्याच्या खुंट्याचे घट्टे आहेत. मी कपाटामागे उभी राहून रडले. घरातल्या वस्तूचं नाव ओळखता आलं नाही, याची लाज वाटली.

घरी आईनं तोंड बघूनच विचारलं, “काय व्हयनं वं? कोन काय बोलनं का?”

मी सगळं सांगितलं. जात्याचं सांगितलं तेव्हा तिला काहीच वाटलं नाही. तिनं दुसरंच विचारलं.

“तुन्हं खरं व्हतं ना? मंग उचलं काबर?”

रात्रभर तेच डोक्यात. त्याच दुपारी मॅडमनी क्यू आणि आय जोडून ‘ची’ लावला होता. सरांनी झेड आणि ए जोडून झा लावला होता. त्यांना कुणी अर्थ विचारला नाही. मीही नाही. खोक्यातल्या नियमांच्या कागदावर अर्थाचा शब्दच नाही. शंका आली तर डिक्शनरी उघडायची. शब्द निघाला तर शंका घेणाऱ्याची पाळी जाते. एवढंच. अर्थाचा नियम फक्त माझ्यासाठी होता आणि तो मी मुकाट पाळला. खरी लाज ही होती.

पुढच्या शनिवारी टीम ठरायची होती. मी ॲडझ लावला. मॅडमचं बोट आलंच.

“अर्थ?”

“शंका असेल तर डिक्शनरी उघडा, मॅडम. शब्द निघाला तर तुमची पाळी जाईल.”

“अहो, सांगून टाका ना,” सर म्हणाले. “एवढं काय त्यात?”

“तुमच्या झाचा अर्थ कुणी विचारला नव्हता, सर.”

मॅडमनी डिक्शनरी उघडली, पान काढलं, वाचलं आणि मिटली. पाळी गेली. तो डाव मी जिंकले.

धुळ्याला मला नेलं नाही. ऑफिसमधल्या एका क्लार्कला नेलं. त्याला खेळ नीट येत नव्हता. “ताईंचा स्वभाव जरा तापट आहे,” असं कारण माझ्या कानावर आलं. वाईट वाटलं. खूप वाटलं.

ॲडझ म्हणजे सुताराचं लाकूड तासायचं हत्यार, वाकस. मला माहीत होतं. आता मी सगळ्या शब्दांचे अर्थ वाचते, माझ्यासाठी. त्यांच्यापुढे परीक्षा देणार नाही. दर शनिवारी जाऊन त्या खुर्चीत बसते. बोलावत नाहीत, तरी बसते. मी लावलेला शब्द मी उचलणार नाही. ज्याला शंका आहे, त्यानं डिक्शनरी उघडावी.