डाव्या बाजूचे अकरा सेकंद

प्लँटवरचे ड्रायव्हर त्याला गोगलगाय म्हणायचे. सव्वीस वर्षं काँक्रीटचा मिक्सर चालवला, पण घाई कशी ती नाही. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे आणि हा आपला आपल्या चालीनं चाललेला. "अरे, ड्रममधल्या मालाचा दगड होईल!" असं कोणी म्हटलं की तो म्हणायचा, "दगड झाला तर फोडता येतो. माणूस गेला तर काय करणार?"

आणि माणूस त्याच्याच हातून गेला.

सोमवारची सकाळ, दहाचा सुमार. मिक्सर भरलेला. चौकातल्या सिग्नलला तो उभा राहिला, डावीकडे वळायचं होतं. उजवीकडून शाळेची बस अगदी चिकटून आली होती, म्हणून त्याचं सगळं लक्ष त्या बाजूला. हिरवा दिवा लागला. त्यानं डावीकडच्या मोठ्या आरशात एकदा पाहिलं, रस्ता मोकळा दिसला, चाक फिरवलं. खड्ड्यातून गेल्यावर बसतो तसा हलका धक्का बसला. मग बाहेरून आरडाओरडा सुरू झाला.

खाली उतरला तेव्हा आधी त्याला कपडेच दिसले. पांढरे सदरे, निळे स्कर्ट, सगळे नवे कोरे, घडी न मोडलेले, रस्ताभर पडलेले. मग सायकल दिसली. मग ती. तो तिच्याशेजारी मटकन खाली बसला. तिचा हात धरला, तेव्हा तो गरम होता. अँब्युलन्स आली तेव्हा नव्हता.

ती शिवणकाम करणारी बाई होती. महिनाभर शिवलेले गणवेश सायकलच्या कॅरिअरला बांधून शाळेत पोचवायला निघाली होती. वय एक्केचाळीस. घरी नवरा आणि कॉलेजात जाणारी मुलगी.

समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. पोलिसांनी त्याला दाखवलं. ती सिग्नलला हळूच त्याच्या डाव्या बाजूनं आली, दाराच्या खाली, पुढच्या चाकाजवळ, आणि एक पाय जमिनीवर टेकून उभी राहिली. अकरा सेकंद. पदर नीट केला, एकदा मान वर करून त्याच्या खिडकीकडे पाहिलंसुद्धा. तिला वाटलं असणार, एवढी मोठी गाडी, एवढ्या उंचावर बसलेला माणूस, त्याला आपण दिसणारच.

घरी त्याचं जेवण तुटलं. बायको ताट पुढे करायची, "अहो, दोन घास तरी खा." तो ताट बाजूला सारायचा आणि ओट्यावर स्टीलचा डबा ठेवून त्याच्या कडेला काड्यापेटी सरकवत बसायचा. डबा म्हणजे गाडी, काड्यापेटी म्हणजे सायकल. थोडी पुढे, थोडी मागे. कुठे असती तर दिसली असती, हेच बघत राहायचा. एकदा बायकोनं काड्यापेटी उचलून पदराखाली लपवली आणि भिंतीकडे तोंड करून रडली. प्लँटवर कोणीतरी हळूच म्हणालं, "गोगलगाय अन् पोटात पाय." ते त्यानं ऐकलं.

कोर्टानं त्याला सोडलं. वेग कमी होता, दिवा हिरवा होता, तो प्यायलेला नव्हता. मालकानं पाठीवर हात ठेवून किल्ली पुढे केली. त्यानं ती घेतली नाही. "मला फाटकावर बसवा," एवढंच म्हणाला. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचं काम त्याच्याकडे आलं.

आठ महिन्यांनी तिचा नवरा फाटकावर आला. इमारतींना रंग देणारा माणूस. नखांत पांढरा रंग, चपलांवर शिंतोडे.

"ती गाडी बघायची आहे मला," तो म्हणाला. "लोक म्हणतात चूक तिचीच. मला माझ्या डोळ्यांनी बघू दे."

गाडी आवारातच उभी होती. गोगलगाईनं त्याला केबिनमध्ये चढवून ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं आणि स्वतः खाली उतरून डाव्या दारापाशी, ती उभी होती तिथं, जाऊन उभा राहिला.

"दिसतोय का मी?"

"नाही." वरून आवाज आला. मग थोड्या वेळानं, "हात वर करा."

त्यानं हात वर केला.

"बोटंसुद्धा दिसत नाहीत हो." रंगाऱ्याचा आवाज फाटला. मग तो डाव्या दाराकडे वाकून बघत राहिला. शेवटी म्हणाला, "मग ह्या छोट्या आरशात का दिसता?"

डाव्या दाराच्या वर, खाली वाकवलेला एक छोटा गोल आरसा होता. नवा.

गोगलगाईला वाटलं, इथं गप्प बसलं तरी चालेल. कोर्टात बसलो होतो तसंच. पण तो गाडीच्या दाराला धरून म्हणाला, "तेव्हा तो फुटलेला होता. झाडाची फांदी लागून. चार दिवस तसाच चालवत होतो. सुपरवायझर म्हणाला उद्या बदलू, मी म्हटलं बरं. गाडी उभी करायला हवी होती मी. नाही केली."

"कोर्टात का नाही सांगितलं?"

"कोणी विचारलं नाही, सगळ्यांना वाटलं धक्क्यातच फुटला. आणि मी घाबरलो."

रंगारी खाली उतरला. त्याच्याकडे न बघता फाटकातून चालता झाला. त्याच दुपारी गोगलगाय चौकीत गेला आणि तेच शब्द पुन्हा बोलला. हवालदारानं ते लिहून घेतलं, सुपरवायझरची नोकरी गेली, केस मात्र परत उभी राहिली नाही. कोणी शिक्षा केली असती तर बरं झालं असतं, असं तो बायकोला म्हणाला.

तीन आठवड्यांनी रंगारी पुन्हा आला, हातात पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश. "बसा वर," म्हणाला. गोगलगाय छोट्या आरशावर फडकं बांधून केबिनमध्ये चढला. रंगारी गाडीभोवती एकेक पाऊल फिरत राहिला, वरून "दिसत नाही" अशी हाक आली की तिथं खूण करायचा. संध्याकाळपर्यंत आवारातल्या फरशीवर एक मोठा पिवळा पट्टा उमटला. गाडीच्या डाव्या अंगाला आणि नाकासमोर, एक अख्खी खोली मावेल एवढा.

मग आसपासचे सायकलवाले यायला लागले: दूधवाले, कुरिअरवाले, शाळेची मुलं. गोगलगाय छोटा आरसा झाकून प्रत्येकाला ड्रायव्हरच्या जागेवर बसवायचा आणि त्याच्याच सोबत्यांना पट्ट्यात उभं करायचा. दहा-बारा माणसं नाहीशी व्हायची. "आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर समजा, त्याला तुम्ही दिसत नाही. मागे थांबा, नाहीतर चांगले पुढे जा. शेजारी नको." ड्रायव्हरांना तो वेगळंच सांगायचा: "आरसा फुटला तर गाडी हलवायची नाही. कोणी घाई केली तर माझं नाव सांगा." आता त्याला गोगलगाय म्हणताना कोणी हसत नव्हतं.

पट्टा चाकांखाली पुसला जाई. दर दोन-तीन महिन्यांनी रंगारी येऊन तो पुन्हा ओढून जायचा. चहा घ्यायचा नाही. "माफ केलं" असं तो कधी म्हणाला नाही, आणि ह्यानंही कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी रंगाऱ्याच्या मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि तो तिच्याबरोबर निघून गेला. जाण्यापूर्वी उरलेला डबा फाटकावर ठेवून गेला. आता पट्टा गोगलगायच ओढतो. गुडघे धरतात, रेघ वाकडी जाते. ती पुसून तो पुन्हा ओढतो.