पळयतां म्हणणारी माणसं

सुलोचना आमच्या इब्रामपूरच्या शाळेत झाडलोट करायची, घंटा द्यायची. गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. राजभाषा कोकणी की मराठी, यावरून एका बाकावर बसणारे तेव्हा एकमेकांशी बोलेनासे व्हायचे. पण एका शब्दावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. 'पळयतां.' म्हणजे बघतो. काम कुठलंही असो, उत्तर हेच.

पोलिओने पाय गेलेली गंगा तिसरीत आली, तिचं कोण बघणार असा प्रश्न निघाला, तेव्हा मुख्याध्यापक गोकुळदास सर म्हणाले, "पळयतां." वर्गाच्या विनिताबाईही तेच म्हणाल्या. आरोग्य केंद्रातली नर्स भाग्यलक्ष्मीही. पालकांच्या वतीने मी तर सगळ्यांत मोठ्याने म्हणालो.

प्रत्यक्षात गंगाचं सगळं सुलोचनाच करायची, कुणी न सांगता. एका शनिवारी ती रजेवर होती. शाळा सुटली. सरांना वाटलं बाई पोचवतील, बाईंना वाटलं मी, आणि मी धारगळला गप्पा ठोकत बसलेला. पोर दोन तास वर्गात एकटी, कपडे ओले. आई वत्सला शेतातून आली, तिला उचललं आणि म्हणाली, "आता शाळा पुरे."

सोमवारी सुलोचनाने आम्हा चौघांना बाकांवर बसवलं.

"पळयतां म्हणालात. डोळ्यांनी की हातांनी?"

"सुलोचना, हा आमचा विषय आहे," सर म्हणाले.

"तुमचाच. म्हणून तर इचारतंय."

मग एकेक ठरलं. सकाळी आणायचं मी, पोचवायचं विनिताबाईंनी, त्यांची वाट तीच. संडासाला न्यायचं सुलोचनाने. पायांचा व्यायाम भाग्यलक्ष्मी आईला शिकवणार. कोण आलं नाही ते रोज सर बघणार. प्रत्येकाला तिचा पुढचा प्रश्न होताच: "आणि तुम्ही नसलात तर?"

"माझा मुलगा गौरेश आहे," मी म्हणालो.

"त्याला इचारलंत?"

विचारलं नव्हतं. सरसुद्धा हसले.

संध्याकाळी आम्ही वत्सलाकडे गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं, पण होय म्हणेना. गंगाच मध्ये बोलली, "सगळी कामं ह्यांनीच घेतली. माझं कुठलं?"

तिचं काम कुणी धरलंच नव्हतं.

सुलोचना तिच्याजवळ बसली. "कोण चुकलं, तर मला सांगायचं. सर चुकले तरी."

वत्सलाने सरांकडे पाहिलं. सरांनी मान डोलावली.

मंगळवारी मी गंगाला पाठीवर घेऊन निघालो. पाच मिनिटं उशीर झाला होता. तिने सुलोचनाला सांगितलं.