बाभळीचे ठोकळे आणि कोरडं मीठ

राग आला की कुणी भांडी आपटतं, कुणी दार आदळतं, कुणी जेवण सोडतं. मी अख्खी मोटार उचलून ठेवली. वीतभर. त्या वीतभराचा राग अजून माझ्या पोटातून उतरलेला नाही.

निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. लढाईत वापरून टाकून दिलेल्या मोटारी तेव्हा लिलावात निघायच्या. तसली एक मी हट्ट करून घरी आणायला लावली. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. आता अशा गाडीला पिकअप म्हणतात. आमच्या गावात ती एकच असल्यामुळे नुसतं मोटार म्हटलं तरी भागायचं. पूर्णा स्टेशनवर उतरणारं मीठ तिच्यातून ताडकळसच्या बाजाराला न्यायचं, असं ठरलं. वाटेत एक ओढा होता आणि ओढ्यावर पूल नव्हता. बैलगाड्या पाण्यातूनच जायच्या, मग मोटारीला काय धाड भरली होती?

पहिल्याच फेरीत भरली. पोळा होऊन गेलेला, ओढ्याला मांडीभर पाणी. हौद्याच्या फळ्यांच्या फटींतून ते आत आलं आणि पलीकडे निघालो तेव्हा तळची पोती आजारी माणसासारखी खाली बसली होती. खालच्या अंगाला म्हशी खारट पाणी पिईनात, अशी आवई संध्याकाळपर्यंत गावभर झाली. एवढ्याशा मिठाने ओढा खारट होतो का? पण गावाला म्हशींची काळजी कमी आणि माझी मजा जास्त.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ओरडला असता तर मीही ओरडलो असतो आणि फिटंफाट झाली असती. पण तो शांतपणे भाकरी मोडत म्हणाला, "पुढच्या बाजाराला मीठ भिजलं तर मोटार इकायची. अन् तू औत धरायचा."

मी ताटावरून उठलो. स्टिअरिंग हातात आलं त्या दिवशी मी मनाशी ठरवलं होतं की यापुढे जन्मात बैलाचं शेपूट बघायचं नाही. आणि हा माणूस मला भाकरीच्या तुकड्याबरोबर परत शेपटामागे पाठवत होता.

तसाच सुताराकडे गेलो. आमच्याकडे ओढ्याला पाणी असलं की गाडीवान बैलगाडीचा आख आणि वरचा साठा, म्हणजे माल ठेवायची चौकट, यांच्यामध्ये लाकडी ठोकळे घालतात. चाकं पाण्यात राहतात आणि साठ्यावरचा माल वर उचलला जाऊन कोरडा राहतो. गाडीला जमतं ते मोटारीला का नाही? सुतार मोटारीखाली शिरला, बराच वेळ आत नुसताच खोकला आणि बाहेर येऊन म्हणाला, हौदा वर घेऊ, केबिन राहू द्या. का, तर केबिनपुरती बाभूळ त्याच्याकडे नव्हती. आळशी लेकाचा! नुसता हौदा उचलला तर मोटार शेपूट वर केलेल्या कोंबडीसारखी दिसली असती. आधीच गाव हसत होतं. मी आमच्या बांधावरची वाळलेली बाभूळ तोडून त्याच्या दारात टाकली आणि सांगितलं, सगळंच वर घ्यायचं.

लोहाराने लांब बोल्ट ठोकून दिले. पहारी लावून दहा-बारा जणांनी केबिन उचलली. त्यातले उचलणारे चौघेच, बाकीचे सल्ले देत होते. ठोकळे बसले, बोल्ट आवळले. मी ऐटीत चढून बसलो आणि पाय खाली सोडले, तर पेडलं गायब. ती खालच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली, जागची हलली नव्हती. मीच वर गेलो होतो. गिअरची दांडी फळीतून नाकाच्या शेंड्याएवढी दिसत होती आणि स्टिअरिंग माझ्या मांड्यांमध्ये आलं होतं. एक म्हातारा म्हणाला, मोटार कुठली, हा तर राखणीचा माळा, वर बसा अन् पाखरं हाणा. माझे दात एकमेकांवर इतके घट्ट बसले होते की शब्द निघायला फट नव्हती.

उंची भरून काढायला काहीतरी हवंच होतं. घरात शोधलं तेव्हा न्हाणीपाशी दादाच्या खडावा दिसल्या. आंघोळ करून देवापर्यंत तो त्या घालून जायचा. मी त्या सुतळीने पेडलांवर बांधल्या, एक क्लचला, एक ब्रेकला; अ‍ॅक्सिलरेटरवर उरलेला एक ठोकळा. तंतोतंत बसल्या.

बाजारच्या दिवशी दादा स्वतः शेजारी येऊन बसला. सकाळभर त्याने खडावा शोधल्या होत्या आणि आईला दोनदा विचारलं होतं. मी गुडघे मिटून बसलो, पेडलं झाकून. स्टेशनवर मीठ भरलं, ओढ्यावर आलो. पाण्यात शिरलो तसा मी मागे वळून पाहिलं. पाणी हौद्याच्या तळाला टेकतही नव्हतं. पोती महाराजांसारखी उंच, कोरडी बसली होती. मी दादाकडे असं पाहिलं की ते त्याने विसरू नये.

तेवढ्यात इंजिन दोनदा शिंकलं आणि बंद पडलं.

हौदा वर गेला होता, केबिन वर गेली होती, मी वर गेलो होतो. इंजिन जिथल्या तिथे होतं. गेल्या खेपेपेक्षा पाणी चार बोटं वर होतं, आणि त्याला टेकताच पंख्याने ते सगळं इंजिनाच्या तोंडावर फेकलं होतं. बैलाचं पोट भिजलं तर तो चालायचा थांबत नाही, ही गोष्ट ठोकळे घालताना ना सुताराच्या ध्यानात आली ना माझ्या. मी चिडून क्लचवर लाथ मारली. सुतळी तुटली आणि एक खडाव केबिनखालच्या नव्या फटीतून सुटून पाण्यावर आली. दादाने ती आपल्यासमोरून तरंगत जाताना पाहिली. बराच लांबपर्यंत पाहिली.

"माझी हाय ती," एवढंच म्हणाला.

मी खाली उतरलो आणि मांडीभर पाण्यात उभा राहून पुढचा हँडल फिरवत बसलो. मोटारीला शिव्या दिल्या, सुताराला दिल्या, लढाई करणाऱ्या गोऱ्यांना दिल्या. तेवढ्यात मागून आमच्याच गावची एक बैलगाडी आली. साठ्याखाली ठोकळे, वर गाडीवान मांडी घालून बिडी ओढत बसलेला. आमच्या बरोबरीला येऊन त्याने बैल थांबवले.

"ओ मोटारवाले, मीठ भिजलं का?"

"न्हाई."

"मग अडलं काय?"

हँडलने त्याला हाणावं असं मला वाटलं. पण हँडल मोटारीत अडकला होता.

दादाने एकेक पोतं बैलगाडीवर घेतलं. मी छातीला लावून पोती देत होतो आणि प्रत्येक पोत्याला म्हणत होतो, बघ, कोरडं हाय, हात लावून बघ. तो हात लावत होता, मान डोलवत होता. शेवटचं पोतं चढलं तेव्हा मी म्हणालो, "तू मीठ भिजण्याचं बोलला होता. इंजनाचं न्हाई."

"बोललो ते बोललो," दादा म्हणाला. "मीठ कोरडं हाय. मोटार इकायची न्हाई."

मी जिंकलो होतो. मांडीभर पाण्यात का होईना.

"पण तू औत धर," तो म्हणाला आणि उरलेली खडाव पेडलावरून सोडून, काखेत मारून गाडीमागून चालू लागला.

पुढच्या आठवड्यात पूर्ण्याहून एक ड्रायव्हर आला. तोंडात सतत पान, मला नमस्कारही नाही. त्याने केबिन खाली बसवून घेतली, हौदा तसाच वर ठेवला. ओढ्याशी आला की पंख्याचा पट्टा काढायचा आणि इंजिनापुढे ताडपत्री बांधायचा. मीठ कोरडंच जायचं, माझ्याच बाभळीच्या ठोकळ्यांवर. माझं नाव कुणी घेत नसे.

आमचं शेत रस्त्याला लागून. दर बाजाराला मी औतामागे असायचो आणि मोटार शेपूट वर केलेल्या कोंबडीसारखी समोरून जायची. मी बैल थांबवून मातीचं ढेकूळ उचलायचो आणि नेम धरून फेकायचो. मोटार चालली तितकी वर्षं फेकली. एकदाही लागलं नाही.