श्रीपादचे एकशे तीन टक्के

कात्रपला आमच्याच सोसायटीत श्रीपाद राहतो. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात लॅबचा प्रमुख. कोवळ्या वयात तो माझ्या कामगार नाटकमंडळीत शिपाई व्हायचा. वाक्यं दोनच, पण प्रेक्षकांत कुणी खोकलं तरी हा दाद मिळाली समजून थांबायचा आणि पुढचं वाक्य विसरायचा. अहाहा, काय रात्री होत्या त्या! पण असल्या माणसाच्या हाती पुढे थेंब मोजायची ब्युरेट द्यावी?

माझी सून नीलिमा त्याच्याच हाताखाली, अजून कच्च्या नोकरीवर. पक्की होणं न होणं श्रीपादच्या शब्दावर.

परवा हिराकसाचा, म्हणजे लोखंडाच्या क्षाराचा, एक लॉट तिच्या तपासणीत लोखंडात कमी भरला. हिराकसातलं लोखंड परमँगनेटनं मोजतात. जांभळा थेंब लोखंडाला भिडला की रंग गमावतो. लोखंड संपलं की फिकट गुलाबी छटा टिकते. जितकं परमँगनेट लागलं, त्यावरून लोखंड. मात्र सोबत सल्फ्युरिक ॲसिडच हवं. श्रीपादनं फेरतपासणीला हाताशी आलेलं हायड्रोक्लोरिक ओतलं.

"सर, यातलं क्लोराइडसुद्धा परमँगनेट खाईल. आकडा फुगेल."

"आंबट झालं की झालं हो, मॅडम! लिंबू काय नि चिंच काय!"

आकडा फुगला. लॉट पास. "तुमचा हातच आखडता. करा सही."

नीलिमानं सही केली नाही. लोखंड किती ते आधीच ठाऊक असलेला शुद्ध क्षार घेतला आणि त्यात श्रीपादचंच ॲसिड घातलं. उत्तर आलं एकशे तीन टक्के! शुद्धाहून शुद्ध! एखादा जरा तरी वरमला असता. हा म्हणतो, "बघा, आपल्या लॅबचा दर्जा! आता सही, नाहीतर पक्कं व्हायचं विसरा."

ती तडक मॅनेजर हरिचंद्र साहेबांकडे गेली. त्यांच्यासमोर तोच क्षार दोन्ही ॲसिडांत तपासला. सल्फ्युरिकमध्ये शंभर, हायड्रोक्लोरिकमध्ये पुन्हा एकशे तीन. साहेब खो खो हसले. लॉट थांबला, आणि श्रीपादला न विचारताच नीलिमा पक्की झाली.

श्रीपाद पेढे खायला आला. मीच बोलावलं, जुना नट, त्याला कसा वगळू? दुसरा पेढा तोंडात टाकून म्हणाला, "काका, पोरगी मी तयार केली हं!"

मी तिसरा पुढे केला. तोंड भरलेलं असलं की तो बोलत नाही.